वीतभर पट्टी

माझ्या आत्याला दवाखान्यात सगळे कात्रीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, मागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि छात्या तर तिने गावभरच्या बघितल्या होत्या. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत तिने एकतीस वर्षं ईसीजी काढले. खोलीत एक लोखंडी खाट, दोन कड्या तुटलेला पडदा, चाकांच्या टेबलावर मशीन आणि कोपऱ्यात तिची खुर्ची. खुर्चीसमोरच्या मेजावर गोंदाची बाटली, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि एक लांब पात्याची कात्री. त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याचं काही खरं नव्हतं.

ती तिथे आली होती खरं तर केसपेपर लिहायला. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ईसीजी काढणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, 'हे शिकशील का?' आत्या म्हणाली, 'शिकेन, पण मशीन पुसायचं कापड माझं मला वेगळं हवं.' डॉक्टर म्हणे इतके हसले की त्यांचाच ईसीजी काढायची वेळ आली असती. ही गोष्ट तिने मला निदान वीस वेळा सांगितली असेल आणि दर वेळी डॉक्टर आधीच्यापेक्षा जास्त हसले.

तेव्हाचं मशीन एका वेळी एकच पट्टी काढायचं. हातापायांना चिमटे, छातीवर गार जेली, त्यावर रबरी फुगा. फुगा एका जागी ठेवायचा, पट्टी काढायची, उचलून दोन बोटं पुढे ठेवायचा, पुन्हा पट्टी काढायची. अशा छातीच्या सहा, हातापायांच्या सहा, मिळून बारा. मग त्या हातभर लांब पट्ट्यांतला चांगला दिसणारा तुकडा कापून कार्डावर ओळीने चिकटवायचा. मोठे डॉक्टर बघायचे ते फक्त कार्ड. बाकीची पट्टी मेजाखालच्या डब्यात जायची. रोगी हलला, खोकला, थंडीने कुडकुडला की सुई वेडीवाकडी उडते. तेवढा भाग टाकून द्यायचा, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ती ते इतकं छान करायची की तिचं कार्ड छापल्यासारखं दिसायचं. शहरातले मोठे डॉक्टरही विचारायचे, 'हे कुणी चिकटवलंय?' तिला त्याचा फार अभिमान होता, आणि का नसावा?

रोग्यांशी ती बोलायचीही तशीच. "श्वास घ्या. सोडा. आता मेल्यासारखे पडून राहा. खरोखर मरू नका, मला मग जास्तीचा कागद भरावा लागतो." घाबरून आलेली माणसं हसायची आणि हसून झालं की निवांत पडायची. लग्न का केलं नाही असं कुणी खोचून विचारलं तर म्हणायची, "रोज वीस जणांच्या काळजाला हात लावते. आणखी एकाचं कशाला?" खरं कारण तिचा दमा होता. दोन ठिकाणी ठरता ठरता मोडलं होतं. ते ती कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

घरी आली तरी तिची नजर कापायलाच बसलेली असायची. बाहीचा लोंबता दोरा, वहीचा दुमडलेला कोपरा, माझ्या कपाळावर आलेली बट. बाबा म्हणायचे, "ताई, आमची नाकं तेवढी ठेव." ती म्हणायची, "तुझं थोडं कमी केलं तर बरंच दिसेल." ती बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी होती आणि ही चार वर्षं तिने त्यांना कधीही विसरू दिली नाहीत.

माझा दादा तेरा वर्षांचा असताना पळता पळता पडायला लागला. मैदानावर दोनदा, एकदा घराच्या जिन्यात. पडायचा, मिनिटभर कशाचीच शुद्ध नसायची, मग डोळे उघडून विचारायचा, "कोण जिंकलं?" आई म्हणाली अशक्तपणा, शाळेच्या बाई म्हणाल्या उन्हामुळे. बाबा त्याला आत्याकडे घेऊन गेले. खात्यातला माणूस घरातच असताना दुसरीकडे कशाला जायचं? मी नऊ वर्षांची होते. शेपटासारखी मागे गेले.

दादा शर्ट काढून खाटेवर पडला होता. चिमटे लावलेले, छातीवर फुगा, चेहरा एकदम गंभीर. मला ते बघवेना. मेजावर कापसाच्या गुंडाळीची रिकामी कागदी पिशवी पडली होती. मी ती फुगवली, पडद्याआडून हळूच त्याच्या कानाशी नेली आणि फाडकन फोडली. दादा केवढ्याने दचकला! सुई कागदावर थडथड उडाली. आत्याने माझा कान धरून मला बाहेर काढलं. जाताना तिचा आवाज ऐकला, "हाललास ना रे? आता पुन्हा काढायला लावलंस." मग कात्रीचा आवाज आला. मी बाहेरच्या बाकावर बसून हसत होते.

कार्ड नेहमीसारखं सुरेख झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम ठणठणीत, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. दादा त्या तीन वर्षं इमानदारीत घेत होता. गोळ्यांनी वर्गात पेंगायचा, त्यावरून बोलणी खायचा, आणि पडायचा तो पडायचाच. सोळाव्या वर्षी एका सकाळी परीक्षेला उशीर झाला म्हणून बसमागे धावला. बस त्याने पकडली. कंडक्टर म्हणाला की पायरीवर चढून तो हसला आणि तिथेच खाली बसला. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, फिट.

ते दिवस मी लिहीत नाही. आत्या महिनाभर आमच्याकडे राहिली, आईच्या केसांना तेल लावायची, बाबांना जबरदस्तीने जेवायला बसवायची, आणि संध्याकाळी मला जवळ घेऊन दादाच्या वह्यांना कव्हरं घालायची. वह्या कुणी वापरणार नव्हतं. तरी घालायची.

मी एकोणीस वर्षांची झाले आणि चष्म्याच्या दुकानात कामाला लागले. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. एका दुपारी दुकानाचं अडकलेलं शटर सुटलं आणि धाडकन खाली आलं. मला एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा फरशीवर होते आणि मालक माझ्या तोंडावर काचा धुवायचं पाणी मारत होता. ह्या वेळी बाबा कुणाचं काही ऐकायला थांबले नाहीत. सरळ मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि सोबत अर्थातच आत्या.

तिथली हृदयाची डॉक्टर तरुण होती, बोलायला भरभर. झोपवून काढलेला माझा ईसीजी छान आला. ती म्हणाली, "आता पळवून बघू," आणि मला ट्रेडमिलवर उभं केलं. आत्या मशीनजवळ उभी राहून बाहेर येणारा कागद वाचत होती, कुणी तिला तसं करायला सांगितलेलं नसताना. पाचव्या मिनिटाला डॉक्टरने पट्टा थांबवला. कागदावर ठोके उलटसुलट आले होते. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. शाळकरी मुलीने वहीच्या कडेला नक्षी काढावी तसे. आत्याने तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि स्टुलावर बसली. तिचा श्वास लागला होता. आम्हाला वाटलं दमा. बाबांनी तिच्या पर्समधून पंप काढून दिला.

डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. हा आजार घराण्यातून येतो. निवांत असताना हृदय अगदी शहाण्यासारखं वागतं, पट्टीत काही दिसत नाही. पळालं, दचकलं, रागावलं की ठोका बिघडतो. बिघडून आपोआप सावरला तर चक्कर, नाही सावरला तर माणूस जातो. "घरात असं अचानक कुणी गेलंय का?" तिने विचारलं. बाबांनी खिडकीकडे बघितलं. आत्या उठून बाहेर गेली.

गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या घेऊनही मी दोनदा पडले. मग डॉक्टरने ऑपरेशन सुचवलं. आम्हाला वाटलं, हृदय उघडणार. ती म्हणाली, हृदयाला हातही लावायचा नाही. पाठीच्या कण्याजवळून बरगड्यांच्या आतून एक नस उतरते, रक्ताची नव्हे, निरोपाची. भीती वाटली, राग आला की 'पळ, पळ' हा निरोप तिच्यातून हृदयाला जातो. डाव्या बाजूच्या त्या नसेचा तुकडा काढून टाकायचा. डाव्या काखेखाली तीन बारीक छिद्रं, बस्स. बाबांनी विचारलं, छातीत मशीन बसवतात म्हणे, ते नको का? ती म्हणाली, "ते झटका देतं. झटक्याने माणूस घाबरतो. आणि हिच्या हृदयाला भीतीच तर चालत नाही. लागलं तर पुढे बघू." आत्या एवढंच म्हणाली, "म्हणजे हृदयाचा फोन कापायचा." डॉक्टरला ते इतकं आवडलं की पुढे ती सगळ्या रोग्यांना तसंच सांगायला लागली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर मी पडलेले नाही. बदल झाला तो गमतीचा. माझा डावा हात कोरडा झाला, कायमचा, आणि उजव्यापेक्षा गरम. घाम येतो तो उजव्या अंगाला. उन्हातून आले की चेहरा अर्धाच लाल होतो, नाकाच्या मधोमध रेघ मारल्यासारखा. आरशात बघून मी रडायला लागले तर आत्या म्हणाली, "बरंच झालं ठमे, आता रागावलीस तरी अर्धीच रागावशील." मी रडता रडता हसले, टाके दुखले, तिला शिव्या घातल्या.

घरी आल्यावर आठव्या दिवशी ती दुपारची आली. आई आत होती, बाबा कामावर. माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली.

"ठमे, एक सांगायचंय. आधी ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण."

"काय गं?"

"दादाची पट्टी काढली तेव्हा तू पिशवी फोडली होतीस. आठवतं?"

"आठवतं की. कान उपटला होतास माझा."

"तेव्हा सुई अशीच उडाली होती. तुझ्या कागदावर होतं ना, तसंच. एक वर, एक खाली. वीतभर पट्टी होती. मला वाटलं, दचकून हातपाय हलले त्याचे. मी कापून टाकली."

"टाकली म्हणजे?"

"डब्यात टाकली. पुन्हा काढली, ती स्वच्छ आली. तीच चिकटवली. डॉक्टरांनी ती पहिली कधी बघितलीच नाही."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मला आधी ती पिशवीच आठवली. माझ्या उभ्या आयुष्यातला कामाला आलेला एकच खोडसाळपणा, आणि तो हिने कात्रीने कापून डब्यात टाकला. माझा अर्धा चेहरा लाल झाला असणार. मी म्हणाले, "दादाला तू मारलंस." तिने चादरीवरचा हात काढून घेतला. मी म्हणाले, "माझ्या खोलीत पुन्हा येऊ नकोस." ती म्हणाली, "बरं." खुर्ची होती तिथे परत ठेवली आणि गेली.

रात्री तिने हे सगळं बाबांनाही सांगितलं. बाबा खूप रडले. मग म्हणाले, "ताई, तुला कुठे ठाऊक होतं," आणि दुसऱ्या सकाळी दोघं भावंडं स्वयंपाकघरात बसून चहा पीत होती. बाबांनी इतक्या सहज सोडून दिलं म्हणून मला दुप्पट राग आला. आईने तर मलाच सुनावलं, आणि दादा तर तिचा मुलगा होता. म्हणाली, "तिने सांगितलं म्हणून तुला कळलं. पट्टी डब्यात गेली, तू नऊ वर्षांची. कोण येणार होतं सांगायला? गप्प बसली असती तर जन्मभर 'माझी आत्या, माझी आत्या' करत तिच्या गळ्यात पडली असतीस." हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला ते ऐकायचं नव्हतं. एखाद्याने आपण होऊन उघडं व्हावं आणि आपण त्याला तसंच ताटकळत ठेवावं, ह्यातही एक सुख असतं. मी ते दीड वर्ष भोगलं. आज त्याची मला शरम वाटते.

आत्या रविवारी यायची, मी मैत्रिणीकडे निघून जायचे. कोरड्या हाताला लावायला तिने बाबांबरोबर मलम पाठवलं, मी डबी न उघडता कपाटावर ठेवली. दवाखान्यातला शिपाई बाबांना भेटला की सांगायचा, "बाई आता कापत नाहीत हो." खरंच तिने कापणं बंद केलं होतं. रोगी हलो, खोको, सगळी पट्टी जशीच्या तशी घडी घालून कार्डाला टाचायची आणि वर लिहायची, 'इथे खोकला', 'इथे दार वाजलं', 'इथे कारण कळलं नाही'. नवीन आलेले डॉक्टर वैतागायचे. एकाने म्हणे सगळ्यांसमोर ऐकवलं, "बाई, हे कार्ड आहे की किराण्याची यादी?" आयुष्यभर नाकावर माशी बसू न दिलेली बाई ते मुकाट्याने ऐकून घ्यायची. थोड्याच दिवसांत नवं मशीन आलं. ते बाराच्या बारा एका कागदावर छापून द्यायचं, आणि तो वादच मिटला.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं होतं. बाबांनाही तोच आजार निघाला. त्यांना गोळ्या मानवल्या. आत्या टाळत राहिली. "पन्नाशी आली, अजून चालतंय ना?" म्हणायची. शेवटी बाबांनी तिला जवळजवळ ओढतच नेलं. ट्रेडमिलवर तिच्याही कागदावर तेच निघालं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या काढल्या, स्वतःची एकदाही काढली नव्हती. तिला गोळ्या देऊन बघितल्या तर दोन दिवसांत दमा उसळला. त्या गोळ्या दम्याला चालत नाहीत. मग उरलं माझंच ऑपरेशन.

त्याच सुमारास मी माझ्या तपासणीसाठी गेले होते. काम झाल्यावर डॉक्टरने मला थांबवलं.

"तुमच्या आत्या मला एक विचारत होत्या. तुमच्या भावाच्या पट्टीबद्दल."

मी म्हणाले, "हो, माहीत आहे मला."

"मी त्यांना सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. त्या वर्षी ती पट्टी इथल्या कुणाहीसमोर आली असती ना, तरी आम्हीही 'पोरगा हलला असेल' असंच म्हणून बाजूला ठेवली असती. हा आजार तेव्हा फार कमी जणांना ठाऊक होता. त्यांना वाटतं मी समजूत घालतेय. दोनदा सांगितलं, दोनदा नुसत्या हसल्या. तुम्ही सांगा. तुमचं त्यांना पटेल."

मी "सांगते" म्हणाले. परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून मला रडू आलं. माझ्यातला राग खरं तर तिथेच संपला होता. पण घरी पोचेपर्यंत मी ठरवलं की लगेच सांगायचं नाही. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात आली आहे, ती आपण आपल्या वेळेला द्यायची. अशी मी शहाणी.

आत्याला तारीख मिळाली. तिने बाबांकडून निरोप पाठवला, "ठमीला म्हणावं, तू असलीस तर बरं. तुझं झालंय, तुला सगळं ठाऊक आहे. सही तूच कर." बाबा म्हणाले, मी येतो ना. तर तिने त्यांना नको म्हटलं, "तू मलाच धीर देता देता पडशील." पहिल्या तारखेला माझ्या दुकानात काचा घासायचं नवं यंत्र बसत होतं, मला खरोखर सुट्टी नव्हती. तिने पुढची तारीख घेतली.

पुढच्या तारखेला मी सुट्टी काढली. आदल्या दिवशी कपडे इस्त्री केले. सकाळी आठच्या बसने निघायचं होतं. साडेसातला मी चपला घालून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसले, आणि उठलेच नाही. काय झालं ते मला अजून धड सांगता येत नाही. भीती नव्हती. तब्येत छान होती. मनात आलं, बसू दे तिला जरा. दहाच्या बसने गेलं तरी चालेल. तिने आज थोडी माझी वाट बघावी, एवढंच. दहाची बसही गेली. मग इतका उशीर झाल्यावर कुठल्या तोंडाने जायचं असं वाटायला लागलं. बारा वाजता तिचा फोन आला.

"ठमे, कुठवर आलीस?"

"अगं, नाही जमलं. पुढच्या आठवड्यात बघू या का?"

"चालेल. दगदग करू नकोस. मी घेते दुसरी तारीख." मग म्हणाली, "हात फार कोरडा पडत नाही ना गं?"

मी म्हणाले, "नाही." आणि फोन ठेवला. कपडे बदलले. उरलेल्या दुपारी उशांचे अभ्रे धुतले.

त्यानंतर नऊ दिवसांनी दवाखान्यात वरच्या मजल्यावरून निरोप आला की एकाच्या छातीत दुखतंय, ताबडतोब ईसीजी हवा. लिफ्ट वर अडकली होती. आत्याने हातातून न्यायचं मशीन उचललं आणि जिना चढायला लागली. शिपाई मागून ओरडला, "बाई, मी नेतो, थांबा." ती म्हणाली, "तुझ्या चालीने नेलं तर तो बरा होऊन घरी जाईल." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती बसली. मशीन तिने मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं, त्याला ओरखडाही आला नाही. वरचा माणूस वाचला. त्याला नुसतं पित्त झालं होतं.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी आता दुकानात मुख्य आहे. घासलेली काच मी डाव्या हाताने धरते, कारण त्या हाताच्या बोटांचा ठसा काचेवर उमटत नाही. आत्या गेल्यावर दोन महिन्यांनी मी माझ्या तपासणीला त्या मोठ्या हॉस्पिटलात गेले होते. भरती करून घेतात तिथल्या खिडकीवर एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी माझा कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

"तुम्ही त्यांची पुतणी का? चष्म्याच्या दुकानातली?"

मी हो म्हणाले.

"त्या दिवशी सकाळी सातलाच आल्या होत्या त्या, बॅग घेऊन. ह्या समोरच्या बाकावर बसल्या. दोनदा मी नाव पुकारलं. दोन्ही वेळा म्हणाल्या, 'पुढच्याला घ्या, माझी पुतणी येतेय.' डॉक्टर स्वतः येऊन म्हणाल्या, भावाला बोलावून घेऊ, सही तर त्यांचीही चालेल. ऐकेनात. साडेबारापर्यंत बसल्या. सगळ्यांना तुमच्या हाताचं कौतुक सांगत होत्या, काचेवर डाग पडत नाही म्हणून." त्यांनी कागदावर शिक्का मारला. "काय अडचण आली होती हो तुम्हाला?"

"काही नाही. घरीच होते."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, कुणालातरी सांगायलाच हवं. मी म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या होत्या की आत्याची चूक नव्हती. तिच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं, असं म्हणाल्या होत्या. मी तिला ते सांगायलाच येणार होते त्या दिवशी."

"मग यायचं होतं," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.